चार दिवसांचं पथ्य

आमच्या ह्यांना बाजारात सगळे काटेवाले म्हणतात. दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचे, तीस वर्षं हेच काम. काटा केसभर सरकलेला असला तरी नुसत्या नजरेनं ओळखायचे. वजनमापांचा सरकारी तपासनीस यायच्या आधी चार दिवस दुकानदारांची धावपळ उडायची, तेव्हा हे घरी येऊन हसायचे. "वर्षभर मापात पाप, आणि आज आलेत साधू बनून!"

आणि घरात आम्ही काय करत होतो? तेच. अगदी तेच.

ह्यांना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: अर्धं ताट भाज्या, पाव ताट भात, उरलेल्यात डाळ नाहीतर अंडी-मासे, आणि जेवण वेळेवर. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी रक्त तपासायचं. झालं! तपासणीच्या आधी चार दिवस आमच्या घरात भाज्यांचा पूर यायचा. हे तोंड वाकडं करून काकडी चावायचे, मी शेजारी पहाऱ्याला. आकडा जेमतेम ठीक यायचा. दवाखान्यातून निघालो की थेट समोरच्या बेकरीत. "पास झालो गं," म्हणत हे दोन क्रीमरोल हाणायचे. मग पुढच्या तपासणीपर्यंत भाताचा डोंगर, गोड चहा आणि दुपारचं जेवण चार वाजता. मी बोलत नव्हते असं नाही. पण त्यांचा चेहरा पडला की मीच एक डाव भात जास्त वाढायचे. माया म्हणे! कसली डोंबलाची माया.

डॉक्टर दर वेळी विचारायचे, "रोज असंच जेवतात ना?" हे माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "हो तर, रोज." सहा वर्षं म्हटलं.

सातव्या वर्षी नवीन डॉक्टरीण आली, पोरगेलीशी. तिनं गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करायला लावली. कागद बघून म्हणाली, "काकू, चार दिवसांच्या पथ्याला हा आकडा फसत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं डोळे तपासायला पाठवलं. आतल्या पडद्याला इजा झाली होती. उपचारांनी होती तेवढी नजर राखली, गेलेली परत आली नाही.

आता ताट रोज नीट असतं. जेवण एकच्या ठोक्याला. हे चकार शब्द न काढता जेवतात. एकदा तरी कुरकुर करा हो, असं मला वाटतं.

ह्यांचं तराजू दुरुस्तीचं दुकान अजून चालू आहे. हात त्यांचे, डोळे माझे. परवा एक बारीक तराजू जुळवत होते. स्क्रू फिरवून विचारलं, "मधे आला का गं?"

"आला," मी म्हटलं. जेवायची वेळ झाली होती, ते दमले होते, आणि काटा आलाच होता जवळजवळ.

त्यांनी स्क्रूवरचा हात काढला नाही. माझ्या दिशेला तोंड वळवून हळूच म्हणाले, "खरं सांग."

"नाही," मी म्हटलं. "अजून केसभर राहिलाय."