बोंबलाची जोडी आणि नातीचा निबंध

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बोंबील वाळत टांगायचं. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. बारावीतली नात बघत उभी होती. बायको तिला म्हणाली, "बघ गं, मेले तरी एकमेकांचं तोंड सोडत नाहीत. मी आणि तुझे आजोबा तसलेच." नात खो खो हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोच्या छातीत कळ आली. डहाणूच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

तेरावं झालं नाही तोच मुलगा आणि सून नातीच्या निबंधामागे लागले. तिला पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजात जायचंय. तिथे म्हणे नुसत्या मार्कांनी भागत नाही, स्वतःबद्दल निबंध द्यावा लागतो. मी चौथी शिकलो. आमचा निबंध गाईवर असायचा, आणि गाईला त्याचा काही त्रास नव्हता.

नातीने आजीच्या त्या बोलण्यावर लिहिलं होतं. मुलाला पटेना.

"हसण्यावर कोण प्रवेश देतं? आजी गेली ते लिही. निबंधाची शिकवणी घेणाऱ्या मुंबईच्या सरांनी फोनवर सांगितलंय, दुःख पाहिजे."

सून म्हणाली, "आणि वादळात होडी बुडाली असं टाक."

"कधी बुडाली?" मी विचारलं.

"बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही," मुलगा म्हणाला.

"माझ्या होडीचं मला कळत नाही? खाडीत उभी आहे, जाऊन बघ. तुझ्या आईने जन्मभर मासळी विकली. तू तर आईलाच विकायला काढलंस."

मुलगा सरांना विचारायला फोन घेऊन बाहेर गेला. आईच्या फोटोचा हार सुकला नाही, आणि रडायचं कसं ते परक्याला विचारतोय! याला शिक्षण म्हणतात.

नात म्हणाली, "आजोबा, मला रडकं लिहिताच येत नाही. आजी म्हटलं की तिचं बोलणंच आठवतं. पण पप्पा ते पाठवू देणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, शेजारणींनी उतरवून ठेवलेले ते बोंबील मी बायकोच्या टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली आणि नातीला घेऊन बाजारात तिच्या आजीच्या जागेवर जाऊन बसलो. आमच्यात मासळी बायका विकतात, पुरुष तिथे बसत नाही.

"काय भावजी, लुगडं नाही नेसलात?" शेजारची ओरडली.

"नेसतो. आधी तू बोंबील घे."

सगळ्या हसल्या, नातही हसली. मी तिला टोपलीमागे बसवलं आणि म्हटलं, "आजीचं बोलणंच लिही, आणि फोनवरून इथूनच पाठव. वासामुळे तुझा बाप इकडे फिरकत नाही."