साक्षीला दिलेलं पाऊलखुणांचं पुस्तक

“मॅडम, साक्षी तितं हाय का?” दत्ताभाऊंनी फोनवर विचारलं.

साक्षी ही त्यांची पाचवीतली मुलगी. अंथुर्ण्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, आणि ती आमची सगळ्यात दांडगी वाचक. त्या दिवशी ती आलीच नव्हती.

“शेजारीण म्हनती, पुस्तक घिऊन उसाकडं गेली.”

आदल्याच दिवशी मी तिला प्राण्यांच्या पाऊलखुणांचं पुस्तक इश्यू केलं होतं. पुस्तकांवर आम्ही वयोगटाची चिठ्ठी लावतो. तिच्या वयोगटाचं कपाट तिनं केव्हाच संपवलं होतं. मोठ्यांच्या कादंबऱ्या तिला वाचता येतात, पण त्यातलं सगळंच तिच्या वयाला झेपणारं नसतं. अशा वाचकाला मी माहितीची पुस्तकं देते. भाषा मोठ्यांची, विषय बिनधोक. निदान मला तसं वाटलं होतं. गावात बिबट्याची चर्चा होती, पण ती तर दर हंगामात असते.

स्कूटी काढून गेले. दत्ताभाऊ काठी घेऊन बांधावर हाका मारत होते. ऊस डोक्याच्या वर गेलेला. आतून उत्तर नाही. उजेड कमी होत चालला होता.

“कसलं पुस्तक दिलंत?”

मी सांगितलं. ते वळून पुन्हा हाका मारू लागले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

उसाखालच्या वाळक्या पाचटात सळसळ झाली. त्यांनी काठी उचलली.

साक्षी बाहेर आली. पाठमोरी. उसावरची नजर न काढता एकेक पाऊल मागं टाकत होती.

“ओ का दिली न्हाईस?” दत्ताभाऊंनी विचारलं.

“आप्पा, हळू बोला,” ती कुजबुजली. “आदी कुत्र्याची पावलं हुती. नखं उमटली हुती, म्हनून आत गेले. फुडं चिखलात मोठी हायत. नखं न्हाईत.”

मांजराच्या जातीतले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. बिबट्याही.

दत्ताभाऊंनी तिला खांद्यावर टाकलं. आम्ही घर गाठलं.

सकाळी वनखात्याचे गार्ड आले. पाऊल बिबट्याचंच होतं, ताजं. त्यांनी गावाला सावध केलं.

नंतर दत्ताभाऊ पुस्तक परत करायला आले. मला वाटलं, पोरीचं वाचन आता बंद.

“दुसरं द्या,” ते म्हणाले. “पन त्यात काय हाय, ते आदी मला सांगा.”

मी ताऱ्यांचं पुस्तक काढलं.

“म्हंजी रातीचं भाईर?”

मी ते परत कपाटात ठेवलं.

चांगल्या वाचकाला पुस्तक समजेल का, एवढंच मी पूर्वी बघायची. आता समजल्यावर तो कुठं जाईल, तेही बघते.