मीनलचं जर्मन तळं

दोह्यात अल दुहैलला आमच्या कंपाउंडच्या स्विमिंग पूलवर मंगळवारी सकाळी लेडीज अवर असतो. चार मराठी बायका, कमरेएवढं पाणी आणि फोनला बंदी. मग किस्से साठणार नाहीत तर काय! मीनल लेकाकडे जर्मनीला जाऊन आल्यापासून तर पूल भरून वाहतोय. सगळं खरं असेल याची गॅरंटी मी देत नाही. माझा स्वभावच संशयी आहे, असं घरचे म्हणतात.

*

मीनल नाशिकची. कपडे बदलताना कडी लावून वर दाराला बादली टेकवणारी बाई! ती पाण्यात उभी राहून सांगते, "तिकडे एक तळं आहे. सगळे कपड्यांशिवाय पोहतात. जर्मन विहीणबाईंनी नेलं होतं. मीपण पोहले."

"हळू बोल, कतारमध्ये आहोत!" मी लाइफगार्डबाईकडे बघत म्हटलं. "फोटो दाखव."

"तिथे फोटोला बंदी असते."

वा! सोयीचंच की!

*

आमची रुबिना रत्नागिरीची. मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा स्विमसूट घालते आणि आमच्यात सगळ्यात फास्ट पोहते. तिने मीनलचं सगळं ऐकलं, एक राउंड मारून आली आणि म्हणाली,

"अगो, म्हणजे नंतर वाळत घालायला काहीच नाय? बरं आहे की!"

*

घरी नवऱ्याला सांगितलं. एरवी माझं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारा माणूस, त्याने चक्क टीव्ही म्यूट केला.

"तळ्याचं नाव काय म्हणालीस?"

"कशाला हवंय?"

"जनरल नॉलेज!"

या सुट्टीत आम्ही केरळला जातोय.

*

मीनल म्हणते, तळ्यावर म्हातारे, जाडे, ऑपरेशनचे व्रण असलेले, सगळे बघितले आणि तिचं स्वतःच्या पोटाशी असलेलं भांडण खलास! फोटोत पोट आत ओढणंही बंद. मला वाटलं, बाई गुपचूप बारीक व्हायचं इंजेक्शन घेतेय आणि आम्हाला फिलॉसॉफी ऐकवतेय. गणपतीच्या जेवणाला मुद्दाम तिच्या शेजारी बसले. तिने स्वतःचे मोदक संपवले आणि माझ्या ताटातला उचलला!

इंजेक्शन नव्हतं.

*

खरा संशय मला सुलभाताईंचा होता. सांगलीच्या, कृष्णेत पोहत मोठ्या झालेल्या बाई. पण पूलवर यायच्या आणि फुल बाह्यांचा कुर्ता घालून खुर्चीत बसायच्या. उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तशा पाण्याकडे बघायच्या. विचारलं की, "सर्दी झालीये." दोह्यात, जून महिन्यात!

एकदा त्यांनीच मीनलला विचारलं, "तिथे लोक बघत नाहीत?"

"बघतात की. मग कंटाळतात."

पुढच्या मंगळवारी सुलभाताईंनी कुर्ता काढला. आत नवाकोरा कॉश्च्यूम. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत कोडाचे पांढरे डाग. मला एकदम भरून आलं आणि पाठोपाठ भीतीही वाटली. त्यांच्या केतकीचं लग्न दोह्यातल्याच एका घरात जमत आलं होतं, आणि आईच्या कोडावरून मुलीचं मोडलेलं लग्न आम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं होतं.

"ताई," मी हळूच म्हटलं, "केतकीच्या सासरी कळलं तर?"

"कळणारच," शिडी उतरत त्या म्हणाल्या. "तिच्या होणाऱ्या सासूबाईंना पुढच्या मंगळवारी इथेच बोलावलंय. पोहायला!"