आडोशाचे टेकू

आमच्या गावात वारा कुठून येतो विचारलं, तर लहान मूलही पश्चिमेकडं हात करतं. तिकडून येणाऱ्या वाऱ्याला पहिली बाग लागते ती माझी. त्यानं नाला ओलांडला की माझी केळी. नवरा गेला तेव्हा सासरची माणसं म्हणाली, शेत अर्ध्या वाट्यानं बटाईला देऊन टाक, बाईमाणसाला केळी झेपत नाही. मी म्हटलं, झेपते का नाही ते केळीलाच विचारू. पण केळीच्या आधी वाऱ्यानं उत्तर दिलं. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं आणि निसवलेली बाग घडांसकट आडवी झाली. पुढच्या खेपेला असं झालं तर मला बटाई कबूल करावी लागेल, एवढं त्या दिवशी सगळ्यांसमोर ठरलं. मला शेत हातात ठेवायचं होतं, आणि त्यासाठी पश्चिमेला झाडांचा आडोसा पाहिजे होता. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

असलं वादळ पूर्वी कधीतरी यायचं, म्हातारी माणसं त्यावरून पोरांची वयं सांगायची. आता उन्हाळा आला की तेही येतंच. ऊन तर असं की केळीची पानं कडेनं भाजून निघतात. हे कोणाला दिसत नाही असं नाही. मारुतीच्या पारावर बसून सगळेच म्हणतात, हवामान बदललं बुवा. म्हणतात आणि तंबाखू मळतात.

मी पारावर गेले. बाई आली म्हणून आधी नुसतं खोकणं-खाकरणं झालं. मग मी सांगितलं, आपण सगळ्यांनी आपापल्या बांधावर उंच झाडांची एकेक रांग लावू, वारा अडेल, गरम झळ अडेल. माझ्या मागच्या शेताचे आबा तिथं बसले होते. आबा बोलले की गाव गप्प, अशी त्यांची वट. ते म्हणाले, "बांधावर झाड लावलं का वसवा पडते, व पोरी. झाडाच्या सावलीतली केळ पोसत नाही."

"अन् हे ऊन केळी जाळतंय ते?"

"ऊन देवाचं हाये. सावली तुह्या झाडाची राहीन."

सगळे हसले. देवाशी कोण भांडणार? शेजारणीशी भांडता येतं.

मग एकानं दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा विषय काढला. पहिले त्यांचा धूर बंद करा, मग आम्हाला झाडं शिकवा. मी म्हटलं, ठीक आहे, चला, उद्याच अर्ज घेऊन जाऊ, मी येते. तर तोच गृहस्थ पायात चप्पल सरकवायला लागला. त्याचा मुलगा तिथं ठेक्यावर कामाला होता. तशी अर्ध्या गावाची पोरं तिथं आहेत, म्हणून धुराविषयी बोलायचं ते फक्त पारावर आणि तेही मला गप्प करायला.

शेवटी नाल्याचा काठ सापडला. ती जागा गावाची, कोणाच्याच बांधाची नाही, त्यामुळे वसवा कोणावर पडणार नाही. माझं माहेर शिरपूरकडचं. भावानं तिकडून सुरूची रोपं टेंपोत भरून पाठवली आणि फोनवर म्हणाला, "अक्का, रोपे मी देस, पन गाव तू सांभाळ." मला तेव्हा त्याचा राग आला होता. खड्डे मी आणि माझ्या धाकट्या दिरानं खणले. लावायच्या दिवशी मात्र गाव लोटलं. कडक इस्त्रीचे कपडे, हातात एकेक रोप, फोटोवर फोटो. गाव करी ते राव न करी, असं भाषणही झालं. दुसऱ्या दिवसापासून पाणी घालायला मी एकटी. वीज आली की माझ्या बोअरचा पाइप ओढत काठापर्यंत न्यायचा, बकऱ्या हाकलायच्या, मेलेल्या रोपाच्या जागी नवीन लावायचं. बायका येता-जाता म्हणायच्या, "काहून व माय, एवढा जीव काढते?"

पण मधल्या सालांतली वादळं सुदैवानं आजूबाजूनं गेली आणि झाडं वाढली. सुरू सरळसोट वाढतो, चारेक वर्षांत हिरवी भिंत उभी राहिली. वैशाखातला वारा त्याच्यावर आपटून नुसता सूं-सूं करायचा आणि माझ्या केळीची पानं, जी दर साली चिंध्या व्हायची, ती अखंड राहायला लागली. आबांचीही राहिली. आबांनी तसं कधी म्हटलं नाही, पण दुपारी पंचा टाकून त्याच सुरूखाली झोपायचे. तेव्हा वसवा काही लागला नाही त्यांना!

यंदा भाच्याच्या लग्नाला मी माहेरी गेले होते. हळदीच्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम निरोप आला की मोठं वादळ येतंय. माझा जीव काही लागेना. तरी मनात म्हटलं, आडोसा आहे, घाबरू नको. लग्न लागलं तशी जेवणाला न थांबता बस पकडली.

गावाच्या अलीकडे बस वळली आणि मला पलीकडच्या गावाची पाण्याची टाकी दिसली. ही टाकी मी कित्येक दिवसांत तिथून पाहिली नव्हती. मध्ये सुरूची भिंत होती. मला आधी कळेच ना की ही दिसते कशी. मग कळलं.

झालं होतं असं की निरोप आल्याबरोबर सगळे टेकूंसाठी धावले. घड भरला की खोड कलतं, त्याला खालून बांबू लावून धरावं लागतं, तो टेकू. सगळ्या तालुक्यालाच एकदम पाहिजे, तर बांबू मिळणार कुठून? तेवढ्यात कोणालातरी नाल्याकाठचे सुरू आठवले. सरळ, मनगटाएवढे, फुकटचे. वारा अडवणारी झाडं वाऱ्याच्या भीतीनं तोडली. अख्खं गाव एकजुटीनं कुऱ्हाडी घेऊन गेलं. एवढी एकजूट मी लग्नातही पाहिली नाही.

दीर बागेच्या तोंडाशी उभा होता. हातांना फोड आलेले, आणि चेहरा मात्र फुललेला. "वहिनी, सगळ्यात आधी तुमच्या बागेत लावले. एकही घड बिनटेकूचा ठेवला नाही."

त्याला काय बोलू? शिव्या ओठावर होत्या. पण हा एकटाच होता ज्यानं माझ्याबरोबर खड्डे खणले होते. मी म्हटलं, चहा घेऊन जा.

वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मोकळ्या पश्चिमेतून सरळ आलं, त्याला अडवायला काही नव्हतं. टेकू घड सावरतो, वारा नाही. माझी बाग गेली, मागची आबांचीही गेली. घड कापणीला आले होते. मी चिखलात बसून मोठमोठ्यानं रडले, कोणाची लाज धरली नाही.

मग पंचनाम्याला साहेब आले. गाव मागे उभं. साहेब भला माणूस, त्यानं विचारलं, "पश्चिमेला झाडं का लावली नाहीत?"

आबा पुढे झाले. "लावली होती ना, साहेब. चार सालं जपली बिचारीनं. काही उपेग नाही झाला. झाडानं वारा थांबत नसते." सगळ्यांनी माना हलवल्या. दिरानंही हलवली. माझ्या बटाईचं काय ते त्याच रात्री घरात ठरणार होतं आणि शेत त्याच्याकडेच जाणार होतं.

साहेब माझ्याकडं वळले. "ताई, तुमचं काय म्हणणं?"

मी खाली वाकले. पडलेल्या केळीखालून एक टेकू उपसला. त्याच्या बुंध्याला कुऱ्हाडीचा घाव अजून ताजा होता. तो साहेबांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हे घ्या. हाच आमचा आडोसा."

साहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला. त्यांना काही उमगलं नसावं. आबांनी तो त्यांच्या हातातून अलगद घेतला, पंच्यानं चिखल पुसला आणि माझ्या बांधाला टेकवून ठेवला.

"फेकू नको व पोरी," ते म्हणाले. "चांगले सरळ हायेत. पुढच्या वादळाले कामी येतीन."