हिरव्यागार पिशव्या आणि सासऱ्यांचं जेवण

आधी चहा घशाखाली उतरू द्या. मी बोलायला लागल्यावर तुम्हाला ठसका लागला तर मी जबाबदार नाही. गाढवपणा काय, सगळेच करतात हो! पण स्वतःच्या गाढवपणाला काट्यांचं कुंपण घालून त्याची राखण करणारा माणूस पाहिलाय कधी? नसेल, तर आता माझ्याकडे नीट बघून घ्या.

मी मूळचा साताऱ्याकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका कारखान्यात लागलो, कुंभवलीत जानूकाकींच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तारापूरकडच्या एका तांडेलाच्या मुलीशी, हेमाशी, लग्न केलं. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा म्होरक्या. माझे सासरे बोटीवर जसे बोलत, तसेच घरातही बोलत. म्हणजे समोरच्याला वाऱ्यात ऐकू जात नसल्यासारखे, मोठ्यानं!

माणूस मायेचा, पण एक गोष्ट मला डाचायची. आमच्या घरी ते जेवत नसत. यायचे, लेकीच्या हातात ताजे मासे द्यायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि निघायचे. हेमा प्रत्येक वेळी ताट वाढायची आणि प्रत्येक वेळी ते ताट मी संपवायचो. नंतर ती बराच वेळ भांडी घासत बसायची. स्वच्छ असलेलीसुद्धा.

शेवटी मी धीर करून विचारलं, "बाबा, आमचं काही चुकलं का?"

"चुकलं नाय जावयबापू. पण ताटातली मासली मीच आणलेली, नि बाकी सगळा बाजार. मग मी माझ्याच घरी नाय का जेवनार? तुमी शेतकऱ्याचं पोर ना? सोताच्या हातानं काय तरी पिकवा. त्या दिवशी मी मांडी घालून जेवीन."

आता दोन खोल्यांत मी काय पिकवू? ऊस?

तेवढ्यात कळलं की पालघरला अळंबी लागवडीचा वर्ग आहे. जमीन नको, एक अंधारी खोली पुरे. अहो, आमच्याकडं अंधाराची काय कमी! गेलो. मॅडम फार छान शिकवत होत्या. रानातल्या विषारी अळंब्यांबद्दल त्या बोलल्या, ते मी कानांत प्राण आणून ऐकलं. "शंभर टक्के ओळख पटल्याशिवाय अळंबी तोंडात घालायची नाही. किड्यांनी खाल्ली म्हणून चांगली, चांदी काळी पडली नाही म्हणून चांगली, असलं काही मानायचं नाही." पुढं बुरशीचा विषय निघाला, तेव्हा मात्र मी भजी कुठं मिळतात ते बघायला बाहेर गेलो होतो.

घरी येऊन कामाला लागलो. भाताचा पेंढा कापला, भिजवला. तो कढत पाण्यातून काढायचा असतो. अर्धा काढला आणि स्टोव्हमधलं रॉकेल संपलं. म्हटलं, पाणी ते पाणी! उरलेला पेंढा साध्याच पाण्यातून काढला. मग पेंढ्याचा थर, त्यावर धिंगरी अळंबीचं बियाणं, असं करत पिशव्या भरल्या आणि आतल्या खोलीत टांगल्या. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत झोपू लागलो.

काही दिवसांनी बघतो, तर अर्ध्या पिशव्यांत पांढरं, कापसासारखं जाळं पसरलेलं आणि उरलेल्या अर्ध्यांत हिरवा रंग.

हेमा म्हणाली, "अहो, ही पांढरी बुरशी. आमच्याकडं सुक्या बोंबलाला असं पांढरं आलं, की आई टोपलीच फेकायची. पण मला ते हिरवंसुद्धा बरं दिसत नाही."

"हिरवं बरं दिसत नाही?" मी हसलोच. "अगं, तू दर्याकाठची. हिरवं म्हणजे पीक! आमच्याकडं शेत हिरवं झालं की पेढे वाटतात."

झालं! पांढऱ्या पिशव्या उचलल्या आणि न्हाणीमागं, जिथं आंघोळीचं पाणी वाहतं, तिथं फेकल्या. हिरव्यांवर जीव लावला. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होतो. वास कुबट यायचा, तर मी म्हणायचो, खतालासुद्धा वास असतोच की!

मग पालघरला गेलो तेव्हा मॅडमना छाती फुगवून सांगितलं, "मॅडम, पिशव्या हिरव्यागार झाल्यात!"

मॅडमचा चेहराच बदलला. "हिरव्या? कुठं ठेवल्यात? मी रविवारी येते बघायला."

पाहिलंत? थेट घरी! मला वाटलं, बाईंना एवढं कौतुक वाटलं. त्याच उत्साहात मी सासऱ्यांनाही निरोप धाडला: रविवारी जेवायला या, घरचं पिकलंय.

शनिवारी जानूकाकी दारात. "मास्तर, (मी मास्तर नव्हतो, पण चष्मा होता) न्हाणीमागं अळंबी फुटलीत हो! घोसच्या घोस! तुमची हायेत का?"

जाऊन बघतो, तर शिंपल्यांसारख्या पसरट, राखाडी-पांढऱ्या अळंब्या. माझ्या अंगावर काटा आला. "काकी, हात लावू नका! ही अनोळखी अळंबी. खाल्ली तर माणूस जातो!"

शंभर टक्के ओळख नाही ना पटली? मग! शिकलेलं वाया घालवणारा मी नव्हे. बाभळीच्या फांद्या आणून मी भोवती कुंपण घातलं. काकींनी गावभर सांगितलं. संध्याकाळपर्यंत बातमी अशी झाली, की ती अळंबी नुसती बघितली तरी चक्कर येते. लोक तोंड फिरवून जाऊ लागले.

आणि आतल्या पिशव्यांत? हिरवी पूड. अळंबीचं नाव नाही!

रविवारी सासरे आले, धुवट टोपी घालून. हेमानं नवं पातळ नेसलं होतं, मसाला वाटून ठेवला होता. ती सारखी माझ्याकडं बघत होती आणि मी छताकडं. तेवढ्यात मॅडम आल्या. आतल्या खोलीत डोकावल्या आणि नाकाला पदर लावून मागं सरल्या.

"ही बुरशी आहे हो! पीक खाऊन टाकते. दारं-खिडक्या उघडा, तोंडाला फडकं बांधा आणि हे सगळं घरापासून लांब नेऊन पुरा. अळंबी फुटते ती पांढऱ्या जाळ्यातून. पांढऱ्या पिशव्या कुठं आहेत?"

"त्या... बुरशी म्हणून फेकल्या."

मॅडम न्हाणीमागं गेल्या. सासरे मागोमाग. जानूकाकी ओरडल्या, "तांडेल, बघू नका, चक्कर येईल!"

मॅडमनी कुंपण बाजूला केलं. "अहो, ही तर तुमचीच धिंगरी! ही बघा, तुमची गाठ मारलेली पिशवी, हा तुमचाच पेंढा." एकेक घोस उलटा करून, खालच्या पात्या आणि देठ तपासत त्या म्हणाल्या, "पिशवीतून फुटलेलीच घेते. बाजूच्या मातीत उगवलेली ही एक मला ओळखता येत नाही, ती टाकायची. यात लाजायचं नसतं."

हेमानं ती भाजी अशी केली म्हणता! पण पानं वाढली तरी कोणी हात लावेना. विषाची बातमी मीच पसरवलेली ना! शेवटी मॅडमनी पहिला घास घेतला. सासरे त्यांच्याकडं बराच वेळ टक लावून बघत राहिले. बाई शाबूत आहेत अशी खात्री झाल्यावर त्यांनी मांडी घातली आणि जेवायला लागले. एक वाटी, दुसरी वाटी. हेमा वाढता वाढता पदरानं डोळे पुसत होती. खरं सांगतो, माझेही भरून आले. म्हटलं, काही का असेना, लेकीच्या घरी बाप जेवला.

हात धुऊन सासरे माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"जावयबापू, मी दिलेला शब्द पाळला. पन एक सांगू? तुमी जिला जपलं ती सडली, नि जिला फेकून दिलं ती फुलली. तवा आमच्या हेमाला... जरा कमीच जपा!"