करिंथपर्यंत नेलेलं एक मत

सकाळी सहाला निघायची आमची बस सव्वासातला निघाली, कारण निघण्यापूर्वीची प्रार्थना आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी याकोबतात्यांना करायला सांगितली. सणसरचे याकोबतात्या प्रार्थनेला उभे राहिले की जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतात, वाटेत सगळे संदेष्टे घेतात, मग ऊस, कॅनॉलचं पाणी, धाकटी सून, आणि शेवटी मूळ विषय. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. तात्यांनी त्याच्यासाठीही आशीर्वाद मागितला.

आम्ही बारामती-इंदापूरकडचे चोवीस ख्रिस्ती लोक ग्रीस आणि तुर्कस्तानच्या यात्रेला निघालो होतो. प्रेषित पौल जिथे जिथे पायपीट करत फिरला, तिथे आम्ही एसी बसने आणि बोटीने जाणार होतो. शेजारचे भिकूआबा मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले. आबांचं सगळं आयुष्य उसात आणि गावच्या सहकारी सोसायटीच्या राजकारणात गेलंय. चोवीस माणसं, सारख्या टोप्या आणि गळ्यातली ओळखपत्रं बघून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, निवडणूक कवा हाय?"

"आबा, यात्रा आहे ही!"

"तेच म्हनतोय. आमीबी तिरुपतीला ग्येलो व्हतो, चेरमनच्या निवडीआधी. फोन काढून घेतलं, आन थेट मतदानाला आनून सोडलं."

आमच्याकडे याला 'सहल' म्हणतात. दुसऱ्या पॅनेलने माणसं फोडू नयेत म्हणून त्यांना गाडीत घालून लांब न्यायचं, खाऊपिऊ घालायचं आणि मतदानाच्या दिवशी परत आणायचं. मी आबांना चांगलं झापलं. पण बसमध्ये बसल्यावर माझंच मला हसू आलं, कारण परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) कमिटीची निवडणूक होतीच. आणि सहल आखली होती सध्याचे सेक्रेटरी, इंदापूरचे योहानराव यांनी. सहा वर्षांपूर्वी याच योहानरावांनी याकोबतात्यांना एका मताने पाडलं होतं.

त्या एका मताबद्दल आत्ताच सांगून टाकते, कारण ते माझं होतं.

तात्यांची बायको मार्था माझी मिशनच्या बोर्डिंगातली मैत्रीण. एका पत्र्याच्या पेटीत आम्हा दोघींचे कपडे असायचे. मी शिक्षिका झाले, बारामतीत राहिले. ती लग्न होऊन सणसरच्या उसात गेली. तात्यांना मत द्यायचं मी तिला कबूल केलं होतं. पण चिठ्ठी हातात आल्यावर डोळ्यांपुढे दर महिन्याची सभा उभी राहिली, सुरुवातीला तात्यांची प्रार्थना आणि शेवटीही तात्यांची प्रार्थना. हाताने आपोआप योहानराव लिहिलं. निकालानंतर मार्थाने चर्चच्या दारात विचारलं, "सुशे, खरं सांग." मी वेदीकडे बोट करून शपथेवर सांगितलं, "तात्यांनाच दिलं." तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

त्यानंतर मी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा आमचा पवित्र विधी) घेतलं नाही. खोटी शपथ पोटात ठेवून त्या भाकरीला हात लावायची माझी छाती होईना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट पुढे यायच्या आत मी पुटपुटत उठायची, "गॅसवर दूध ठेवलंय." सहा वर्षं. विसराळू म्हणून माझी कीर्ती इंदापूरपर्यंत पोचली. पण मला मार्था परत हवी होती. या यात्रेला मी आले ती त्यासाठीच, पौल हे निमित्त.

अथेन्सला उतरलो. एलेनी नावाची गाइड भेटली. ती इंग्रजीत सांगायची आणि पाळकसाहेब मराठीत करायचे. दुपारी बंदरावर बोट पाहिली आणि माना वर करताना आमच्या टोप्या पडल्या. कारखान्याच्या गोदामाइतकी उंच, वर पोहण्याचा तलाव. चढताना बोटीवरच्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट मागून ठेवून घेतले. तात्या थबकले.

"हे कशाला?"

"नियम आहे, तात्या. उतरताना परत देतात," मी म्हटलं.

थोड्या वेळाने बोटीने किनारा सोडला आणि सगळ्यांच्या फोनची रेंज गेली. तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे सुरक्षेची तालीम झाली. नारिंगी जॅकेटं घालून आम्हाला दोन वेगवेगळ्या ठिकाणी उभं केलं आणि एक पोरगी यादी घेऊन डोकी मोजायला लागली. तात्यांनी माझा दंड धरला. "बाई, पासपोट घेतलं, फोन बंद पाडलं, आता गट पाडून हजेरी चाललीय. योहान्यानं सहल काढलीय ही! मी सोसायटीत तीस वर्सं काढलीत, मला शिकवतो व्हय?"

मी कपाळाला हात लावला. योहानराव बिचारे मळमळत होतं म्हणून लिंबू चोखत एका कोपऱ्यात बसले होते. पण तात्या गप्प बसणारे नव्हेत. आपली माणसं फुटू नयेत म्हणून त्यांनी खोल्यांची अदलाबदल केली. स्वतः योहानरावांच्या खोलीत पाळतीवर गेले आणि बायकोला धाडलं माझ्या खोलीत. म्हणजे संशयित मतावर पहारा.

चार दिवस आम्ही दोघी त्या एवढ्याशा खोलीत राहिलो. मार्था माझ्याशी बोलायची नाही. ती भिंतीशी बोलायची. "न्हानीतला दिवा कुनीतरी चालूच ठेवलाय." मग मीही आरशाला सांगायची, "कुणीतरी घोरतं बाई." बोटीवर जेवणाला शंभर पदार्थ मांडलेले, आणि आम्हा सगळ्यांचा जीव ठेच्यावाचून कासावीस. पांढरं खारट चीज आणि कडवट हिरवी ऑलिव्ह फळं. "लिंबाच्या लोणच्यातलं लिंबू धुऊन दिल्यागत लागतंय," असं मार्थाने सूपच्या वाडग्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझ्या उशीवर एक कागदाची पुडी होती. उघडली तर शेंगदाण्याची चटणी! मी "थँक्यू" म्हटलं. मार्थाने भिंतीकडे तोंड केलं.

इफिसला संगमरवरी रस्त्यावरून चालत आम्ही मोठ्या थोरल्या दगडी नाट्यगृहात पोचलो. उन्हाने टाळू भाजत होती. एलेनीने सांगितलं, पौलामुळे देवीचे रुप्याचे देव्हारे घडवणाऱ्या सोनारांचा धंदा बसायला आला, म्हणून सगळं शहर इथे जमलं आणि दोन तास नुसतं ओरडत होतं. निम्म्यांना तर आपण कशाला आलोय हेच ठाऊक नव्हतं.

तात्या एकदम खूश झाले. "ही तर आपली वार्षिक सभा की वो! फकस्त फेटं न्हाईत."

पात्म बेटावर मात्र वेगळंच घडलं. डोंगरातल्या एका गुहेत, जिथे म्हातारपणी प्रेषित योहानाला दर्शन झालं म्हणतात, तिथे आम्ही आत शिरलो. दिव्यांचा मंद उजेड, धुपाचा वास, आणि अशी शांतता की आपलाच श्वास ऐकू यावा. तात्यांना गप्प राहवेना. त्यांनी डोळे मिटले, घसा खाकरला आणि "हे आकाश-पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्या…" एवढं म्हणतात तोच दारात बसलेल्या दाढीवाल्या वृद्ध संन्याशाने ओठांवर बोट ठेवलं. "श्शू."

साठ वर्षांत कुणी तात्यांची प्रार्थना थांबवली नव्हती. ते तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले. माझ्या शेजारून कसलासा आवाज आला म्हणून पाहिलं, तर मार्था तोंडात पदर कोंबून हसत होती. आमची नजरानजर झाली आणि मलाही आवरेना. आम्ही दोघी गुहेबाहेर पळालो आणि कठड्याला धरून पोट दुखेपर्यंत हसलो. मग तिला आठवलं आपण बोलत नाही ते. तिने डोळे पुसले आणि समुद्राकडे पाहत उभी राहिली.

बोट परत अथेन्सच्या बंदराला लागली. पासपोर्ट हातात पडला तेव्हा तात्यांनी तो उजेडात धरून तपासला. शेवटच्या दिवशी आम्हाला करिंथला नेलं. मोडक्या देवळाचे सात खांब, मागे उघडा डोंगर, मधे पडलेले दगड. एलेनीने सांगितलं की इथल्या मंडळीत गट पडले होते. कुणी म्हणे मी अमक्याचा, कुणी म्हणे मी तमक्याचा. पौलाला लांबून पत्र लिहून त्यांना खडसवावं लागलं.

"म्हंजी तवाबी पॅनेल व्हती!" तात्या म्हणाले. त्यांना फार बरं वाटल्यासारखं दिसलं. पाळकसाहेबांनी मराठी करता करता एकदा तात्यांकडे आणि एकदा योहानरावांकडे पाहिलं. दोघांनीही आपापल्या मागे वळून बघितलं.

तिथून जवळच किंख्रिया नावाचं जुनं बंदर आहे. आता उरलंय काय, तर पाण्यात बुडालेल्या भिंती आणि गोट्यांचा किनारा. तिथे प्रभुभोजन होणार होतं. पाळकसाहेबांनी एका दगडावर पांढरा रुमाल अंथरला, भाकर ठेवली आणि नेहमीचं बोलले, कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आधी जाऊन मिटवा, मग या. मी सवयीने उठले. तोंडातून शब्दही निघाले, "गॅसवर दूध…"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ग्रीसमध्ये कसला गॅस आणि कसलं दूध! माझे कान तापले. मी तशीच पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले आणि रडूच फुटलं. मागे गोट्या वाजल्या. मार्था आली होती.

"मार्थे," मी म्हटलं, "मी तात्यांना मत दिलं नव्हतं. शपथ खोटी होती. सहा वर्षं भाकर घेतली नाही मी. तुला काय बोलायचं ते बोल, मार हवं तर, पण भिंतीशी बोलू नकोस आता."

तिने पायाने एक गोटी पाण्यात ढकलली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तवाच ठावं व्हतं. तुला शपथ कदी जमलीय? बोर्डिंगात गूळ चोरला तवाबी तुझं कान असंच लाल व्हायाचं."

"मग सहा वर्षं कशाला अबोला धरलास?"

"कारन मीबी दिलं न्हवतं."

मी रडायचं विसरले. "तू? स्वतःच्या नवऱ्याला?"

"अगं, ह्ये निवडून आलं असतं तर रोज घरात मीटिंगा! वीस-वीस मानसं, च्या कुनी करायचा? तुमचा पौल येनार व्हता का भांडी घासाया?" तिचा आवाज चिरकला. "एका मतानं पडलं म्हनून रातभर बसून ऱ्हायलं, सुशे. ते मत माझंच असंल म्हनून माझा जीव जायाचा. मग सगळी म्हनाया लागली, सुशीबाईनंच फोडलं. मी गप ऱ्हायले. तुझ्यावर ढकलून मोकळी झाले, आन मग तुझ्याकडं बघायची लाज वाटाया लागली. तू उठून तरी जायाचीस. मी तर दर म्हैन्याला भाकर घेत व्हते."

मी तिला घट्ट धरली. दोघीही गदगदून रडलो, आणि मधेच गुहेतला तो "श्शू" आठवून हसलोही. मग चालत परत गेलो. पाळकसाहेब ताट घेऊन थांबले होते. सहा वर्षांनी भाकर जिभेवर ठेवली. चव साध्या पावाचीच होती, पण घशाखाली उतरताना मला भरून आलं.

परतल्यावर भिकूआबा गेटातच उभे होते. "कुनाचं पॅनेल बसतंय?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातावर ऑलिव्हची बाटली ठेवली.

शनिवारी मार्थाने जेवायला बोलावलं म्हणून सणसरला गेले. सहा वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवला. जेवणं झाली, मार्थाने तीन कप चहा आणून ठेवला. तात्यांनी यादी काढली. उद्या मतदान. ते पुन्हा उभे होते.

"तुमी दोघी तर घरच्याच," ते टिकमार्क करत म्हणाले. "व्हय ना?"

मी मार्थाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. माझे कान तापायला लागले होते.

"न्हाय," मार्था म्हणाली. "मागल्या वेळी मी तुमास्नी मत दिलं न्हवतं. उद्याबी देनार न्हाय."

"मीपण नाही, तात्या," मी म्हटलं. "मागेही नाही, आणि उद्याही नाही. तुम्ही माणूस भले आहात. पण फार लांबता."

तात्यांचं पेन हातातच राहिलं. त्यांनी एकदा यादीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. तीस वर्षं लोकांची मतं सांभाळलेला माणूस. ज्या मतावर पहारा ठेवायला दुसरं मत धाडलं, ती दोन्ही आधीच फुटलेली होती, हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आता आरडाओरडा होणार म्हणून मी पिशवी जवळ ओढली. त्यांनी यादीची घडी केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रार्थना करू."

आम्ही मुकाट्याने डोळे मिटले. मी मनाची तयारी केली. आता आकाश-पृथ्वी, मग संदेष्टे, मग ऊस.

तात्यांनी घसा खाकरला.

"प्रभू," ते म्हणाले, "ह्या दोघींला माफ कर, आन मला थोडक्यात बोलाया शिकीव."

"आमेन," आम्ही म्हटलं. डोळे उघडून कप उचलला, तर चहा अजून गरम होता.