वासुदेवकाकांची गाठ

वासुदेवकाकांवर अन्याय झाला तो गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाला. धरणाच्या गेटच्या जाळीत झाड अडकलं होतं. ते काढायला धरणावरच्या साहेबांनी काकांना, रोजंदारीवरच्या पाणबुड्याला, खाली उतरवलं... सिलिंडर नाही, काही नाही, नुसता श्वास कोंडून. काका वर आले नाहीत. दोरी तेवढी वर आली, रिकामी. हजेरीत नाव नाही म्हणून ते कामावर नव्हते, आणि प्रेत सापडलं नाही म्हणून ते मेलेलेही नाहीत. हे माझं म्हणणं नाही, कार्यालयाचं लेखी उत्तर आहे.

भरपाईचा अर्ज पडून आहे तोवर धरणाचं नाव देत नाही. अमरावतीहून टू-व्हीलरनं सव्वा तास.

आता पुढचं. ‘भूत नसतं’ अशी पत्रकं मी स्वतः छापून नांदगाव पेठपासून अकोल्यापर्यंत वाटली आहेत. तेव्हा हसायचं असेल तर हसा, मी आधीच हसून घेतलंय.

मालवणला मी स्कूबाचा कोर्स केला होता. मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा ठरवलं, आपणच शोधू. काकांच्या कमरेला पितळी मुठीचा कोयता असायचा. तो जाळीपाशी सापडला तरी ते कामावर होते हे सिद्ध होतं. बोटीला परवानगी मिळाली नाही, म्हणून मित्राची दोन सीटची कयाक आणली. मागच्या सीटवर काकांच्या बायको, शांताकाकू. काका पाण्यात उतरले की वर दोरी नेहमी त्याच धरायच्या. त्या दिवशी मात्र साहेबांनी त्यांना घरी पाठवलं होतं — बायांचं काम नाही म्हणून.

“हे नाव हाय का केळाचं साल?” कयाक डुलल्यावर काकू म्हणाल्या. मी जॅकेटला दोरीचा हूक अडकवत होते. त्यांचा चेहरा बदलला.

“सोताची दोरी सोताच बांधून राहिली का, पोरी? वरचा बांधते. डाव्या मनगटाले. अन् ज्यानं बांधली त्यानंच सोडाची.”

“काकू, हा स्टीलचा हूक आहे. निघत नाही.”

“असल्याच भरवशावर गेले आमचे. त्या दिवशी दुसऱ्यानं बांधली होती.”

मी ऐकलं नाही. एकटीनं उतरू नये, हा कोर्सचा नियमही मोडला. दोरीचं दुसरं टोक काकूंच्या हातात दिलं आणि कडेनं पाण्यात लोळण घेतली.

आठ मीटरवर स्वतःचा हात दिसेना. जाळी चाचपत सरकले, तर सिलिंडर मागे फांदीत अडकला. ओढाताणीत हूक निघाला. दोरी चाचपली... नाही. हवेचा मीटर डोळ्यांपाशी आणला तरी दिसेना. श्वास जड व्हायला लागला, म्हणजे हवा संपत आली होती. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. मी धडपडायचीसुद्धा थांबले.

तेव्हा डावं मनगट कुणीतरी धरलं. खरबरीत, गार हात. दोरीचे दोन वेढे बसले, गाठ आवळली. सिलिंडर मोकळा झाला. मग दोरीला दोन हिसके बसले, म्हणजे ‘वर ओढ’ ही खूण. ते मी दिले नव्हते.

काकूंनी मला ओढून घेतलं आणि मनगट उलटसुलट करून पाहिलं.

“कोनं बांधली व ही?”

“मी नाही.”

“तुले येतच नाही, मले माईत हाय. ही आमच्या घरची गाठ हाय. मले त्यायनंच शिकवली.”

मी चाकू काढला. त्यांनी हात धरला.

“गाठ कापू नको. बांधनाराच सोडीन. थे खालीच हायेत अजून.”

गाठीपासून वीतभर सोडून आम्ही दोरी कापली. कोयता मिळाला नाही. साहेबांना मनगट दाखवलं, तर विनापरवाना उतरले म्हणून मलाच नोटीस. इतक्या कमी खोलीवर सहसा भास होत नाहीत, हे मालवणच्या सरांनीच सांगितलं. काकूंनी शिकवूनही मला ती गाठ एका हातानं जमत नाही.

कॉमेंटमध्ये थिअरी लिहू नका. तुमच्यापैकी कुणाला खरोखर डायव्हिंग येत असेल तर धरण पुन्हा भरायच्या आत या. कयाक मी आणते, दोरी काकू बांधतील. काकांना वर काढा. गाठ अजून माझ्या मनगटावर आहे.